तीन खुणांची भट्टी

थोरलीनं भट्टीतून बरणी उचलली, कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. बद्द आवाज आला. दुसरी घेतली, तीही तशीच. पक्की भाजलेली बरणी घंटेसारखी वाजते. ही तर आजारी माणसासारखी खोकत होती.

"काकू, सगळ्यांना तडे गेलेत," आत वाकलेली झिलईवाली म्हणाली. "दाराजवळची तर एक धड नाही."

थोरली नखातली माती दुसऱ्या नखानं कोरत राहिली.

भट्टी इथं काम करणाऱ्या सगळ्या बायकांच्या सामाईक मालकीची. पहिल्याच वर्षी नियम ठरला होता: पेटलेल्या भट्टीचं दार विटांनी चिणायचं, मातीनं लिंपायचं आणि ओल्या लिंपणावर तिघींनी आपापली खूण उठवायची. थोरलीचा अंगठा, तिच्या धाकट्या जावेची दोन बोटं, झिलईवालीच्या कुंचल्याचं टोक. भट्टी निवली असं तिघींनी म्हटल्याशिवाय खुणा मोडायच्या नाहीत. एकीला घाई झाली तर दोघी अडवतील. तेव्हा थोरली म्हणाली होती, "एका घोड्याला तीन लगाम! चालायचं कधी त्यानं?" तरी चारचौघींबरोबर तिनंही हात वर केला होता.

परवा दुपारी बाकीच्या जेवायला बसल्या तेव्हा ती एकटीच भट्टीपाशी गेली. भिंतीला तळवा लावला. निवली होती. धाकटी मात्र सकाळीच सगळ्यांदेखत म्हणाली होती, "जाऊबाई, अजून थांबू या." जिचे हात धरून आपण चाकावर बसवले, ती आपल्याला थांब म्हणते! थोरलीनं वरच्या विटा ओढून काढल्या. आतली धग फाडकन तोंडावर आली. तळवा पहिल्यांदाच चुकला होता. तिनं घाईघाईनं विटा बसवल्या, लिंपण केलं आणि तिन्ही खुणा उठवल्या. आपल्याच अंगठ्यानं, आपल्याच बोटांनी, कोनाड्यातल्या कुंचल्यानं.

संध्याकाळी सभा बसली. अध्यक्ष थोरलीच.

"तापल्या भांड्याला गार वारा लागला की ते तडकतं," झिलईवाली म्हणाली. "पण दार शाबूत होतं. तिन्ही खुणा मी डोळ्यांनी पाहिल्या. म्हणजे आत बरण्यांची रचणीच चुकली."

रचणी धाकटीची. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी नेहमीसारखीच रचली होती," ती म्हणाली.

"मग काय बरण्या आपसांत भांडल्या?" माती मळणारी म्हणाली.

हशा पिकला. थोरली हसली नाही. एरवी असला टोला तिचाच असायचा.

"माझं ऐका," माती मळणारी पुढे म्हणाली, "तिघींच्या खुणा, तिघींचं एकमत, नसत्या भानगडी. काकूंचा तळवा आहे ना आपल्याकडे? रचणीपासून दार उघडण्यापर्यंत सगळं त्यांच्या हाती द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही. धाकटीनं माझ्याबरोबर माती मळावी."

हे ऐकायला थोरलीचे कान कैक वर्षं आसुसले होते. आता ऐकलं, तर तिनं अंगठा मुठीत दडवला.

हात वर झाले. सगळ्यात आधी धाकटीचा.

"तू का गं?" थोरलीच्या तोंडून निसटलं.

"तुमच्या हातून कधी काही बिघडलं नाही, जाऊबाई. माझंच कुठं चुकलं ते मला कळेना. अशा माणसानं कशाला दाराशी उभं राहायचं?"

"विरोधात कोण?" झिलईवालीनं रीत म्हणून विचारलं.

थोरलीनं हात वर केला.

"अहो काकू, तुम्हालाच देतोय!"

"म्हणूनच नको."

"पुरे झाला मोठेपणा! सगळ्या एकीकडे, तुम्ही एकट्या. बहुमत झालं, ठराव मंजूर. आता तुम्हालाही ऐकावं लागेल."

बायका हसत उठल्या, पदर झटकू लागल्या. धाकटी तेवढी बसून होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, कुणी काढून ठेवल्यासारखे. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"बसा सगळ्या!" थोरली ओरडली. आवाज मध्येच चिरकला. ती खुर्चीवरून उठली. "धाकटे, इकडे ये. इथं बस."

"मी? अहो, आत्ताच तर मला—"

"बस म्हणते ना! एकदा तरी वाद न घालता ऐक."

धाकटी खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली. थोरली तिच्यासमोर चटईवर बसली. कितीतरी दिवसांनी ती कुणाकडे खालून वर पाहत होती.

"सभा तू चालव," ती म्हणाली. "मला त्या दाराबद्दल बोलायचंय. आणि ते ऐकून काय करायचं, हे ठरवणारी मी नको."