हिरवं फूल

घरात कुणी थाप मारली की बाकीचे एका सुरात ओरडत, "हिरवं फूल!" आजोबा ट्रक चालवायचे तेव्हाची ती गोष्ट. वाळवंटातून जाताना रस्त्याच्या कडेला त्यांनी ताटाएवढं हिरवं फूल पाहिलं होतं. माल पोचवायची घाई, म्हणून थांबले नाहीत, आणि पुरावा काहीच नसल्यानं चेष्टेचे धनी झाले. पान हिरवं असतं, फूल कुठलं हिरवं? मुलं त्या गोष्टीवर हसत हसत मोठी झाली. आजीही हसायच्या. मात्र त्या हसण्यात आजोबा कधीच सामील होत नाहीत, हे आजींना अलीकडे बोचू लागलं होतं. यंदा तिकडे पाऊस होऊन वाळवंट फुलल्याचं कळलं, तेव्हा लेकाच्या मागे लागून त्यांनीच गाडी काढायला लावली.

सकाळपासून आजोबा खिडकीला नाक लावून बसले होते.

"बाबा, ही बघा केवढाली फुलं!" सून म्हणाली.

"पिवळी आहेत ती. माझं हिरवं होतं."

"उन्हानं रंग उडाला असेल, आजोबा!" नात खिदळली. आजोबांनी पुन्हा खिडकीला नाक लावलं.

दुपारी चहासाठी गाडी थांबली. ऊन मी म्हणत होतं. डोळ्यांवर काहीतरी हवं म्हणून आजींनी गाडीच्या खणात हात घातला, तर ट्रकच्या दिवसांतला गॉगल हाती लागला. निळ्या काचांचा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चष्मा लागल्यापासून तो नुसताच पडून असे, पण आजोबा टाकू देत नसत.

तो लावून आजी खाली उतरल्या आणि जागीच थबकल्या. समोर ताटाएवढं फूल. हिरवंगार!

त्यांनी गॉगल कपाळावर चढवला. पिवळं. पुन्हा खाली केला. हिरवं.

"अहो! आधी इकडे या!"

आजोबा काठी टेकत आले. आजींनी त्यांच्या चष्म्यावरच गॉगल चढवला.

"हेच!" आजोबांचा आवाज चिरकला. "हेच ते! सांगत नव्हतो?" मग त्यांनीही गॉगल वर केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पिवळंच होतं की. मी आपला जन्मभर थापा मारत बसलो."

"थापा कसल्या? मीही आत्ता हिरवंच पाहिलं."

"उगाच माझी बाजू घेऊ नकोस."

"इतकी वर्षं घेतली नाही. आता तरी घेऊ द्या."

गॉगल लेकाकडे गेला, मग सुनेकडे. शेवटी नातीनं तो हिसकावून घेतला.

"अय्या, खरंच हिरवं फूल!"

"हळू गं, काडी तुटेल," आजोबा म्हणाले, आणि त्या फुलावरून पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर पोट धरून हसले.