दशक्रियेला वाजलेली शिट्टी

मी शिट्टी आहे. पोलिसाची, पितळेची. एरवी कुणी फुंकल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. पण आमच्या मालकांच्या दशक्रियेला जे पाहिलं, त्याची किळस अजून जात नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून पोलिसांच्या कोठारात आणि कोठारातून एका नव्या शिपायाच्या खिशात. हौशीराम त्यांचं नाव. जुन्नर, घोडेगाव, मंचर अशी ठाणी फिरत ते सहायक फौजदार झाले, पण गाव त्यांना शेवटपर्यंत जमादारच म्हणत राहिलं.

मला माणसं कळतात ती तोंडावरून. जमादारांचं तोंड स्वच्छ. सकाळी कडुलिंबाची काडी, वर कोरा चहा. ठाण्यातल्या दुसऱ्या कुणी मला घटकाभर मागून घेतलं, तर मला शिसारी यायची. काय काय खातात माणसं, आणि खाल्लेलं दिवसभर गालात ठेवतात.

एकदा लेण्याद्रीच्या रस्त्यावर कुणा पुढाऱ्याच्या गाड्या यायच्या होत्या. जमादारांनी मला फुंकून रस्ता अडवला. अडकलेल्यांत एक रिक्षा होती, आत कळा देणारी बाई. गाड्या वीस मिनिटं उशिरा आल्या. तोवर ती बाई ओरडत होती आणि मी वाजत होते. त्या संध्याकाळी जमादार बायकोला, द्रौपदाबाईंना म्हणाले, "लई घाण काम क्येलं आज." मला खुंटीला अडकवलं आणि न जेवता झोपले. मलाही माझीच घाण वाटली.

निवृत्त होताना त्यांनी सगळं सामान जमा केलं. कारकून म्हणाला, "शिट्टी ऱ्हाऊ द्या आण्णा, तिला कोण इचारतंय?" अशी मी घरी आले.

आमचं गाव आळे या गावाच्या अलीकडं. गावठाण हायवेच्या एका अंगाला, शाळा आणि नदी दुसऱ्या अंगाला. टोमॅटोचे पिकअप नारायणगावचा बाजार गाठायला सुसाट सुटतात. एका सकाळी गावातल्या सोपानच्या शाळेत निघालेल्या नातीला अशाच एका गाडीनं उडवलं. पोरगी वाचली, पाय मात्र कायमचा गेला. गावानं अर्ज केले, पुढाऱ्यांनी भुयारी मार्गाचं आश्वासन दिलं आणि हार घालून घेतले.

जमादारांनी आश्वासनाची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला, शाळेची पोरं रस्ता ओलांडतात त्या फाट्यावर ते मला घेऊन उभे राहिले आणि पुढं अकरा वर्षं उभे राहिले. दर सोमवारी चुन्याच्या फक्कीची पिशवी आणून रस्त्याच्या दोन्ही कडांना फाट्यापासून पन्नास पावलांपर्यंत पांढरी रेघ मारायचे. रेघेच्या आत कुणीही गाडी लावायची नाही. कडेला गाडी उभी असली की तिच्याआडून निघालेलं पोर ड्रायव्हरला दिसत नाही, हे ते येईल त्याला समजावून सांगायचे. जावई असो की सरपंच, गाडी हलवायला लावायचे. गाव मागून हसायचं, पण गाडी हलवायचं.

या वर्षी त्यांचं काळीज थकलं आणि एका दुपारी ते गेले.

आमच्या जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे नदीच्या घाटावर मांडव, माईक, प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. कावळा वेळेवर शिवला. पुढारी मात्र आले नव्हते, कारण त्यांचा त्या सकाळचा हा तिसरा घाट होता. जमादारांच्या मुलानं, गोरखनं मला फोटोपुढं ठेवलं होतं. साडेआठला उरकायचं ते सव्वानऊ झाले.

शेवटी दादाभाऊ आले. आमच्या भागातले मोठे पुढारी. त्यांनी माईक धरला आणि जमादारांनी दूध डेअरी कशी उभी केली ते सांगू लागले. डेअरीवाले आधीच्या घाटावरचे होते. कुणीतरी कानात सांगितलं तेव्हा त्यांनी गाडी डेअरीवरून पोलिसावर आणली, न अडखळता. फाट्यावर जमादारांच्या नावानं भव्य कमान उभारू म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"या शिट्टीचा आवाज पुन्हा एकदा ऐकूया," म्हणाले आणि गुटख्यानं माखलेल्या तोंडात मला घातलं. समोर दहा मोबाइल. फोटो नीट येईना म्हणून तीनदा फुंकलं. लाल, चिकट लाळ माझ्या पोटात उतरली. आयुष्यात इतकी घाण मी कधी सोसली नव्हती.

तेवढ्यात हायवेकडून ब्रेकचा करकरीत आवाज आला. मांडवातली माणसं मोबाइलमध्येच होती. बायकांमध्ये बसलेल्या द्रौपदाबाईंनी मात्र मान वळवली. दशक्रियेला आलेल्या सगळ्या गाड्या फक्कीच्या रेघेच्या आत लावलेल्या होत्या, दोन्ही कडांना, एकीला एक चिकटून. त्यांच्या फटींतून दप्तरं डोकावत होती. ब्रेक मारणारा पिकअप एका पोरीपासून हातभर अंतरावर थांबला होता.

द्रौपदाबाई उठल्या आणि सरळ पुढं येऊन मला उचललं.

गोरख दबक्या आवाजात म्हणाला, "आये, पावणं बसल्यात. वाईच थांब."

"पावणं बसल्यातच," त्या म्हणाल्या. "पोरं हुभी हायेत."

सुनेला म्हणाल्या, "शीला, चल. गाड्या हलवाय लाव."

पदरानं मला आतबाहेर पुसत त्या रस्त्यावर आल्या. पहिल्या फुंकरीला नुसती हवा गेली. दुसरीला मी अशी वाजले की मांडवातला माईक झाकला गेला. एक टेम्पोवाला काच खाली करून ओरडला, "म्हातारे, मरायचंय का?"

"आमच्यातलं एक मेलंय नुकतंच," त्या म्हणाल्या. "बास झालं."

पोरं निघाली. तोवर दादाभाऊंना चौथ्या घाटाची घाई झाली होती. त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी काढली आणि हॉर्न लावून धरला. द्रौपदाबाईंनी त्या गाडीपुढं हात आडवा केला आणि शेवटचं पोर पलीकडं जाईस्तोवर खाली घेतला नाही. दादाभाऊ काचेआडून बघत बसले.

त्याला आता महिना झाला. द्रौपदाबाई रोज फाट्यावर असतात. कमानीसाठी खड्डे खणून झालेत, आमच्या उभं राहण्याच्या जागेवरच, त्यामुळं दोन पावलं रस्त्यात सरकून उभं राहावं लागतं. बाईंचं वय सत्तर, दोन्ही गुडघे धरतात. परवा एका गाडीपुढून त्यांना वेळेत मागं होता आलं नाही, शीलानं ओढलं म्हणून वाचल्या. जमादारांच्या फोटोला हात जोडणारे त्याच रस्त्यानं रोज जातात, हात हलवतात आणि पुढं निघतात. त्यांची मला किळस येते.

मला हार नको, कमानीवर माझं चित्रही नको. चांगले पाय असलेलं एक माणूस द्या. उद्या शाळा आहे. सव्वानऊला या, आणि चूळ भरून या.