ओठ दिसले पाहिजेत

शीतगृहात त्याला सगळे थर्मामीटर म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. भिंतीवरच्या तबकडीतला काटा जिथे असायचा तिथेच असे, तरी हा येता-जाता मान वर करून बघून घेई. गोठवलेल्या मटारांच्या खोक्यांची थप्पी लावताना बघे, जेवून आल्यावर बघे, घरी निघाला की दारातून वळून पुन्हा बघे. काळजी करणं हा याचा मूळ धंदा आणि खोकी उचलणं हा जोडधंदा, असं मुकादम म्हणायचा.

अशा माणसाच्या बायकोने बर्फावर गाडी चालवायला जायचं मनावर घेतलं.

तिचं काम नेमकं उलटं. ती लाँड्रीत इस्त्रीवर होती. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी स्कूटरवर गठ्ठे बांधून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे. हिवाळा सरत आला की डोंगरावरून परतलेल्या लोकांची जाड जाकिटं धुवायला येत. त्यांना पेट्रोलचा आणि ओल्या लाकडाचा वास असे, खिशात झाडाची सुईसारखी पानं सापडत. कित्येक वर्षं ती दुसऱ्यांची मौज धुऊन, वाळवून, घडी घालून परत करत आली होती. यंदा ती म्हणाली, "एकदा तरी आपल्या जाकिटाला तो वास लागू दे."

कामावर कळलं तेव्हा सगळ्यांनी त्याची टर उडवली. बाकीचे लोक सुट्टीत काम विसरतात, हा पैसे भरून कामावर चाललाय, असं एकाने सांगितलं आणि ते दिवसभर या थप्पीवरून त्या थप्पीवर फिरलं. तो हसला, पण त्याची काळजी वेगळीच होती. बायकोला दम लागायचा.

रोज नाही. पण थंडी पडली, गार वारा नाकातोंडात गेला, की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजू लागे. पर्समध्ये औषधाचा पंप असे. तो दोनदा ओढला की बसे सगळं जागेवर. तिला त्याचं काही वाटत नसे. याला मात्र ती शिट्टी भिंतीपलीकडूनही ऐकू यायची. आता तिला घेऊन जायचं होतं थेट बर्फात, आणि तेही जिथे दवाखाना डोंगराखाली अशा ठिकाणी.

पण बेत ठरत गेला. रोज जेवणं आटोपली की तिचा धाकटा भाऊ यायचा. तो बसस्टँडच्या तिकीट खिडकीवर असे आणि स्वस्तात काय पडतं ते शोधायची त्याला खोड होती. शनिवार-रविवारी जायचंच नाही, असं त्याने पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं. मधल्या वारी खोल्याही रिकाम्या आणि गाड्याही. बर्फाला लागून असलेल्या हॉटेलात उतरायचं नाही, खालच्या गावात कुणाच्या तरी घरातली खोली घ्यायची, म्हणजे चूल आपली आणि चहाही आपला. गाडीचं भाडं माणशी नसतं, गाडीमागे असतं, तेव्हा दोघांत एकच गाडी घ्यायची. आणि पहिलीच वेळ, तर दिवसभराची फेरी कशाला, नवशिक्यांची छोटी फेरी पुरे.

शेवटी घोडं कपड्यांवर अडलं. बर्फातले सूट आणि बूट तिथे भाड्याने मिळत, पण ते भाडं ऐकून तिने कानाला हात लावला.

"भावोजी असताना कपड्यांना पैसे?" मेहुणा म्हणाला. "जन्म गेला फ्रीजमध्ये. यांच्याकडे सूट नसणार तर कुणाकडे?"

खरंच होतं ते. मुकादमाने कपाटातले दोन जुने सूट आणि बूट वापरायला दिले. फाटले तर भरून द्या आणि मला तिथला फोटो पाठवू नका, एवढ्या दोनच अटी घातल्या.

मग एका संध्याकाळी तिने फोन लावून तो टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वर डोंगरात नवरा-बायको मिळून स्नोमोबाइल, म्हणजे त्या बर्फावरच्या गाड्या, भाड्याने देत, त्यातली बायको बोलत होती. आवाज घोगरा, पण बाई मोकळी. तिने तारखा लिहून घेतल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं की कुणाला दम, छाती, पाठ, गुडघे, असं काही आहे का.

"नाही हो. ठणठणीत आहोत दोघं," बायको म्हणाली.

त्याचा चहाचा कप ओठांपाशी येऊन थांबला. मेहुण्याने खिडकीबाहेर बघितलं. आगाऊ रक्कम त्याच वेळी भरली गेली. स्वस्तातलं भाडं निवडलं होतं, त्यामुळे रद्द केलं तर ती परत मिळणार नव्हती. फोन बंद झाल्यावर तो काही म्हणणार, तर तीच आधी म्हणाली, "मी खोटं बोलले, कळतंय मला. पण तुम्हीही इथेच बसला होतात. तुम्हाला तोंड नव्हतं?"

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला. खोकी उचलताना त्याच्या डोळ्यांसमोर पांढरं माळरान येई, मधोमध बंद पडलेली गाडी आणि मागे बसलेली बायको पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधतेय. पर्स रिकामी. दर वेळी पर्स रिकामीच असे.

शेवटी त्याने मुकादमाला गाठलं आणि एका सुट्टीच्या दिवशी बायकोला गोठणखोलीत घेऊन जायची परवानगी काढली. सूट अंगाला बसतो का ते बघायचंय, असं सांगितलं. मुकादमाने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सूटच बघा म्हणाला.

त्या खोलीचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोच शिकवला जाई. तोंड झाकायचं नाही. कान झाका, मान झाका, हातात दोन-दोन मोजे घाला, पण ओठ उघडे पाहिजेत. आत कुणी एकटा जात नसे, आणि जोडीदाराने जोडीदाराच्या ओठांकडे बघत राहायचं. थंडी माणसाला चढते ती त्याला स्वतःला कळत नाही. आधी ओठ निळे पडतात, मग शब्द जड होतात. तेव्हा दुसऱ्याने दंडाला धरून बाहेर काढायचं आणि वाद घालायचा नाही. असं त्याने किती जणांना काढलं होतं, आणि त्यालाही एकदा काढलं होतं.

बायको सूट घालून आली ती गादीच्या गुंडाळीसारखी दिसत होती. स्वतःकडे बघून हसली. तोंडावरून लोकरी मफलर घेतलेला.

"हा खाली कर," तो म्हणाला.

"अहो, गार लागेल."

"ओठ दिसले पाहिजेत. इथला नियम आहे."

तिने मफलर हनुवटीखाली ओढला. जाड दार मागे लागलं. पहिल्यांदा ती खूश झाली, खोक्यांवरचा पांढरा थर बोटाने खरवडून बघितला, आपल्या श्वासाची वाफ बघितली. तिची वाफ कायम इस्त्रीतून निघायची, ही तिची स्वतःची होती. तो तबकडीकडे बघत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या खोलीत तबकडी विसरला होता. त्याची नजर तिच्या ओठांवर होती.

ओठ निळे पडले नाहीत. पण काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी शिट्टी आली. मग खोकला, मग नुसताच श्वास ओढणं. तिला दंडाला धरून त्याने बाहेर आणलं, रिकाम्या पेट्यांवर बसवलं, पंप हातात दिला. यावेळी दोनदा ओढून भागलं नाही. मुकादमाने पाणी आणलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नाही जमणार, नाही का?"

घरी आल्यावर तिने दोन्ही सूट नीट घडी घालून पिशवीत भरले. तिची घडी नेहमीसारखी चोख होती, म्हणूनच त्याला ती बघवेना. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने शीतगृहाच्या मागच्या जिन्यात उभं राहून डोंगरावरच्या बाईला फोन केला. येत नाही म्हणाला. पैसे बुडाले तर बुडाले. बाईला वाईट वाटलेलं दिसलं, तिने कारण विचारलं. त्याने सांगून टाकलं. दमाचं लपवलं तेही सांगितलं, खोलीतलं सगळं सांगितलं.

मग बाईने विचारलं, "दादा, तोंड उघडं होतं का त्यांचं?"

हो म्हणाला.

बाई म्हणाली की त्यांच्याकडे उघड्या तोंडाने कुणी अंगणातसुद्धा जात नाही. नाकातोंडावरून लोकरी कापड, त्यावर बंद हेल्मेट. हवा कापडातून गाळून, कोमट होऊन आत जाते. कोरडी गार हवा तशीच छातीत ओढली तर दम नसलेल्यालाही ठसका लागतो. दमवाले येतात त्यांच्याकडे, पण डॉक्टरांना विचारून येतात, आणि औषध आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवतात, म्हणजे ते गारठत नाही. तिने काही आग्रह केला नाही. रद्द करायचं तर करू, पण डॉक्टरांना विचारल्यावर सांगा, एवढंच म्हणाली.

तो जिन्यातच बसून राहिला. तिने मफलर घेतला होता. यानेच काढायला लावला होता. जी परीक्षा तिला दिली ती मुळात चुकीची होती, आणि हे घरात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ती विचारणारही नव्हती. गप्प बसलं तर सगळं आपोआप मिटत होतं. ना डोंगर, ना रिकामी पर्स. पैसे गेले, पण बायको घरात, डोळ्यांसमोर, ओठ गुलाबी.

तीन दिवस तो गप्प बसला. त्या तीन दिवसांत ती डोंगराबद्दल चकार शब्द बोलली नाही. मेहुणा आला, नवीन काहीतरी स्वस्त घेऊन आला होता, समुद्रकिनारा. ती म्हणाली बघू. तिने 'बघू' म्हणावं आणि मुकाट्याने भांडी घासायला उठावं, हे त्याच्या घरात कधी झालं नव्हतं. तिची भांडी ऐकत तो बसला, आणि मग उठून ओट्यापाशी गेला.

त्याने सगळं सांगितलं. फोन, कापड, हेल्मेट, खिशातलं औषध. तीन दिवस गप्प बसलो तेही.

तिने हात पुसले नाहीत. फेसाचे हात तसेच धरून ती म्हणाली, "म्हणजे माझा श्वास तुम्ही मोजलात, आणि उत्तरही तुम्हीच लपवलंत."

"मला भीती वाटते गं."

"मला नाही वाटत? छाती माझी आहे. पण मी घाबरून तुमच्या आड लपत नाही. तुम्ही माझ्या आड लपता."

मेहुणा जाण्यासाठी चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

पुन्हा त्या खोलीत यायला तिने साफ नकार दिला. तुमची खोली तुम्हाला लखलाभ, म्हणाली. ती डॉक्टरांकडे गेली आणि त्याला बाहेर बाकावर बसवून एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्याजवळ नवीन औषध होतं आणि अटी होत्या. रोज हे घ्यायचं, बर्फात उतरण्याआधी पंप ओढायचा, तोंड झाकायचं, आणि छाती आवळली की तिथून मागे फिरायचं, फेरी पुरी करायची नाही. काही होणारच नाही, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्याने दोनदा विचारलं म्हणून तिने दोनदा सांगितलं.

मग तिनेच डोंगरावर फोन लावला. पहिलं वाक्य म्हणाली, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं." पुढचं सगळं नीट सांगितलं. बाईने छोट्यातली छोटी फेरी ठरवली आणि बरोबरचा वाटाड्या हळू नेईल म्हणाली. गाडी कशी चालते तेही सांगितलं. मूठ गरम असते, वेग उजव्या अंगठ्याने द्यायचा, अंगठा उचलला की गाडी मंदावून थांबते.

"चालवणार कोण, दादा ना?" बाईने विचारलं.

तो हो म्हणायला वाकला.

"नाही," ती म्हणाली. "थांबायचं कधी हे मला कळणार आहे, तर अंगठा माझाच पाहिजे. हे मागे बसतील."

तो गडबडला. फोनकडे तोंड नेऊन त्याने विचारलं की गाडीला आरसा असतो का.

काहींना असतो, आमच्या गाड्यांना नाही, असं उत्तर आलं.

"मग मला तुझं तोंड दिसणार नाही," तो बायकोला म्हणाला.

"तसंही झाकलेलंच असणार आहे. पाठ बघा."

पलीकडे बाई हसली. तारीख तीच राहिली.

त्या संध्याकाळी ती लाँड्रीचे गठ्ठे पोचवायला निघाली तेव्हा सवय व्हावी म्हणून तिने त्याला स्कूटरवर मागे बसवलं. इतक्या वर्षांत तो कधी तिच्यामागे बसला नव्हता. गठ्ठा मांडीवर, दोन्ही हात तिच्या कमरेच्या जरा वर. गल्ल्यांमधून गार वारा येत होता आणि तिने ओढणी नाकावरून बांधली होती. पहिल्या वळणावर त्याचे डोळे मिटले. मग त्याच्या ध्यानात आलं की तळव्याखाली काहीतरी हलतंय. फासळ्या वर येत होत्या, खाली जात होत्या, सावकाश. तो हात न हलवता त्यांच्यामागे लागला. एक श्वास, दुसरा. चढावर थोडे जलद झाले, सपाटीवर पुन्हा शांत. पण हा तर सुती कपडा होता. त्या जाड सुटातून हे कळेल का, आणि वर मोजे, दोन-दोन.

"काय पुटपुटताय?" तिने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. तू पुढे बघ."

त्याने उजव्या हाताचा तळवा थोडा घट्ट केला आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली.