वारा पडलाय

डोळ्यांतला उजेड विझला तेव्हापासून नदीकाठची झाडंच आईची वाट झाली होती. वडिलांनी लावलेली ती राई घराच्या मागच्या दारापासून थेट डोहापर्यंत गेलेली. पानांची सळसळ उजव्या कानाशी ठेवून आई रोज सकाळी एकटी पाण्याशी जाई, दगडी पायरीवर बसे आणि तशीच परत येई. कुणी हात धरू लागलं की म्हणे, "आंधळी मी आहे, बहिरी नव्हे."

डोहातल्या माशांवर ताईचं पोट होतं. तिचा धाकटा भाऊ सुतारकाम करी. लगद्याचा कारखाना येणार, झाडं शिजवून त्यांचा लगदा आणि लगद्याचा कागद करणार, अशी बातमी आली, आणि धाकट्याचे पाय जमिनीवर ठरेनात. लाकूड आधी तोडून ठेवील त्याला चढा भाव, असं दलाल सांगून गेला होता.

"आणि त्यांचं घाण पाणी कुठे जाणार?" ताईने विचारलं.

"नदीत. नदीला कामच काय दुसरं? अगं, तिथे कॅन्टीन असेल. तुझे मासे टाय लावलेले साहेब खातील."

"मासे उरले तर."

"तुझा आपला कायमचा नन्नाचा पाढा!"

पण छप्पर गळत होतं, आणि ताईही माणूसच होती. "आईला आधी सांग," एवढंच म्हणून तिने मान डोलावली. धाकट्याने सांगितलं नाही. आई मावशीकडे राहायला गेली आणि तेवढ्यात राई आडवी झाली.

कारखाना आलाच नाही. कंपनीला म्हणे दुसरी नदी स्वस्त पडली. दलाल फोन उचलेना. ओंडके अंगणात पडून राहिले. साली सुटल्या, टोकांना भेगा गेल्या. मुळांची पकड सुटलेला काठ नदी चढताच खचला आणि पायरीसकट डोहात उतरला. ताईच्या जाळ्यात गाळ येऊ लागला. न आलेल्या कारखान्याने डोह बुजवून दाखवला होता.

मग आई परतली. सकाळी मागच्या दारात उभी राहिली, कान नदीकडे लावून.

"वारा पडलाय का गं?"

ताई म्हणाली, "हो आई. पडलाय."

त्यानंतर रोज तोच प्रश्न, तेच उत्तर. आई उंबऱ्यावर बसून वाऱ्याची वाट पाही, आणि ताईच्या डोळ्यांदेखत तिच्या पांढऱ्या बटा वाऱ्यावर भुरभुरत असत. इतकं उघडं खोटं ताई आयुष्यात बोलली नव्हती.

"आज तू सांग," तिने धाकट्याला बजावलं. "झाडं तू पाडलीस, वारा मी किती दिवस पाडू?"

धाकटा उठून बाहेर गेला.

थोड्या वेळाने मागच्या बाजूने सळसळ ऐकू आली. आई ताडकन उठली. ताई धावत दारात आली तर समोर धाकटा. तोडणीत उरलेल्या वाळक्या शेंड्यांचा भारा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो हलवत होता, आणि आईच्या उजव्या अंगाने, एकेक पाऊल मागे सरकत, तिला नदीकडे नेत होता. वाळली पानं खडखडत होती, गळत होती. आई त्या आवाजामागून चालत राहिली, ऊन थेट डोक्यावर घेत. इथे कधी ऊन लागत नसे. ती थांबली नाही.

काठ तुटला होता तिथे धाकटा उभा राहिला. पुढे वाटच नव्हती. आता भाऱ्यात नुसत्या काड्या उरल्या होत्या, तरी तो हलवतच होता.

आईने हात पुढे केला. काड्यांना लागला, मग त्याच्या मनगटाला, मग ओल्या गालाला.

"हात भरून आले असतील रे," ती म्हणाली. "ठेव आता खाली."