मुलांच्या दारावरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि सध्या मी रागात आहे. खुर्चीला कसला राग, असं तुम्ही म्हणाल. ज्यांना तो यायला हवा त्यांना येत नाही, मग कुणाला तरी येणारच.

एका नाटकातल्या राजासाठी सुताराने मला घडवलं. म्हणून मला रुंद हात आहेत, पाठीवर वेलबुट्टी आहे. नाटक पहिल्याच प्रयोगात आपटलं. राजा पुन्हा आपल्या दुकानात कापड मोजू लागला आणि मी नाट्यगृहाच्या बोळात येऊन पडले. माझा एक पाय किंचित आखूड आहे. घाईत केलेल्या कामाची ती खूण.

त्या बोळात मुलांची कपडे बदलायची खोली होती. दरवर्षी हौशी कलाकारांचा महोत्सव भरे, तेव्हा ती खोली चिवचिवाटाने भरून जाई. महोत्सवाचे कपडे शिवणाऱ्या काकूंनी मला त्या दारापाशी ओढलं, आखूड पायाखाली चिंधीची घडी सारली आणि मांडीवर बटणांचा डबा घेऊन त्या बसल्या. वर्षानुवर्षं बसल्या. मुलं कपडे बदलत असताना एकही मोठा माणूस त्यांनी आत सोडला नाही. एकदा मुख्य परीक्षक आले, म्हणाले, "मुलांना फक्त आशीर्वाद द्यायचेत."

"बाहेरूनच द्या," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "आशीर्वाद पोचतात भिंतीतून."

परीक्षकांचं तोंड एवढंसं झालं. लोक काकूंची टिंगल करत, पण आतली मुलं मोकळेपणाने दंगा करत असत. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस.

मग काकूंचे गुडघे गेले. त्यांनी महोत्सवाच्या अध्यक्षांना बजावलं, "माझ्या जागी कुणाला तरी बसवा हं. दार मोकळं ठेवू नका."

"अहो काकू, सगळी घरचीच माणसं आहेत," अध्यक्ष हसले. "पहारा कसला द्यायचा?"

त्यांना रंगमंचावर पाहुण्यांसाठी हातांची एक खुर्ची कमी पडत होती. मला घासूनपुसून पॉलिश केलं. जो तो म्हणाला, काय देखणी खुर्ची आहे! काकूंची चिंधी तेवढी कुणी उचलली नाही. ती बोळातच राहिली.

त्या वर्षी नृत्यनाटिकेत एक मुलगी होती. सतत गिरक्या घ्यायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नाटिका बसवणारे सर फार नावाजलेले. बक्षीस समारंभाच्या आधी भिंगरीची आई विंगेत अध्यक्षांना गाठून बोलली. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं.

"सर मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत येतात. बाकीच्यांना बाहेर पाठवतात आणि आतून कडी लावतात. कुणाला सांगितलंस तर काम काढून घेईन, म्हणाले तिला. पोरगी झोपत नाहीये हो."

"सर वडिलांसारखे आहेत," अध्यक्ष म्हणाले. "तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल. आणि बोभाटा करून नाव कुणाचं खराब होणार? तुमच्याच मुलीचं ना?"

आईने आणखी चार जणांना सांगितलं. चौघांनी कानाडोळा केला. भिंगरीचं काम दुसऱ्या मुलीला मिळालं आणि भिंगरीने गिरक्या घेणं सोडलं.

यंदा त्याच सरांचा सत्कार होता. ते माझ्यावर बसले. मित्रांनो, मला उठून जाता येत नाही. जमेल तेवढी मी डगमगले. सर सावरून बसले आणि हसले. मग माईकसमोर जाऊन म्हणाले, "मुलं म्हणजे माझा जीव की प्राण!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून भिंगरी वर आली. तिच्या वर्गातल्या मुली यंदा सरांच्या नाटिकेत होत्या आणि त्या वेळी त्याच खोलीत कपडे बदलत होत्या. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला ओढत विंगेत नेलं. लोकांना वाटलं, असेल कुणी मदतनीस. सर मागे वळले तर खुर्ची नाही. थोडा हशा पिकला. लगेच तिघे जण तीन खुर्च्या घेऊन धावले. मुलांच्या दारापाशी ठेवायला मात्र या सगळ्यांना दोन वर्षं एक खुर्ची मिळाली नव्हती.

भिंगरीने मला बोळातून फरफटत दारापाशी आणलं. चिंधी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. ती तिने माझ्या पायाखाली सारली आणि माझ्यावर बसली. तिचे पाय जमिनीला नीट टेकतही नव्हते. सत्कार संपल्यावर सर हार सावरत बोळात आले. तिला पाहून थबकले. तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले, पण ती उठली नाही. सर परत फिरले.

मित्रांनो, तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर सांगा. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. चूक तुमची नसते. आणि तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना माझा एक निरोप द्या. मला पॉलिश नको, रंगमंचावरची जागा नको. आत मुली नाचाचे कपडे घालताहेत आणि त्यांच्यातली सगळ्यांत चांगली नाचणारी मुलगी बाहेर पहाऱ्याला बसली आहे. तिला उठवा आणि तिच्या जागी तुम्ही बसा.