काकूंच्या हातातली वायर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि खरे सांगायचे तर मला या घराचा अगदी वीट आला आहे. घरात काहीही अडले की पहिली थप्पड मला बसते. फ्रिज बिघडला तर कोणी फ्रिजच्या थोबाडीत मारत नाही. मला मात्र मारतात, आणि वर म्हणतात, "आता चालेल बघ."

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी माझे सगळे दिवे लावून पाहिले, शांतपणे निरखले आणि "हा चांगला आहे" असे म्हणून मला खोक्यात घातले. त्यानंतर माझ्या दिव्यांकडे असे कोणी पाहिलेच नाही.

मी आलो तो एका शिंप्याच्या दुकानात. शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर, दोऱ्याची रिळे आणि बटणांचा डबा यांच्यामध्ये मला जागा मिळाली. दुकान शिंपीकाकांचे. मागच्या खोलीत ते आणि काकू राहतात. वरच्या मजल्यावर त्यांचा पुतण्या असतो. त्याने एकदा इस्त्री दुरुस्त केली होती, तेव्हापासून सगळे त्याला इंजिनियर म्हणतात आणि तोही ते खरे मानतो. सगळ्यात वर भाड्याने राहणाऱ्या मास्तरीणबाई. त्या घरी बसून मुलांना संगणकावर गणित शिकवतात. बाहेरून येणारे इंटरनेट या तिन्ही बिऱ्हाडांना वाटून देणे हे माझे काम. मी ते वर्षानुवर्षे बिनतक्रार केले. चांगले चालले की लोक कंपनीचे कौतुक करायचे आणि बंद पडले की माझा उद्धार.

शिंपीकाकांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या धाकट्या भावालाही येत नाही. तो दूरदेशी एका बेकरीत काम करतो. दोघे भाऊ हातांनी बोलतात, म्हणून त्यांना साधा फोन काही कामाचा नाही. त्यांना एकमेकांचे चित्र लागते. दर रविवारी काका मशीनवर मोबाईल टेकवून बसत आणि दोघांचे हात भराभरा चालत. मी फळीवरून पाहायचो. माझ्या सगळ्या कामांत हेच काम मला मनापासून आवडायचे.

आता काकूंविषयी सांगतो. काकू फार टापटिपीच्या. लोंबणारा दोरा दिसला की कापायचा, उघडे बटण दिसले की लावायचे, ही शिंप्याच्या घरची शिस्त. इंजिनियरने दुकानात ठेवलेला आपला जुना संगणक विकला, पण त्याची वायर माझ्यातून काढली नाही. तिचे एक टोक माझ्या भोकात होते आणि दुसरे फळीवरून लोंबत होते. काकूंनी ते पाहिले. माझ्या पाठीला शेजारीच एक मोकळे भोक दिसले. काकूंनी लोंबते टोक उचलले आणि त्यात टक्कन बसवून दिले. "आता कसं नीट दिसतंय," म्हणाल्या आणि फडके झटकून निघून गेल्या.

मित्रांनो, एकाच वायरची दोन्ही टोके माझ्यातच. मी एका भोकातून निरोप पाठवला की तो फिरून दुसऱ्या भोकातून माझ्याकडेच येऊ लागला. मला तो नवा वाटे, म्हणून मी तो पुन्हा सगळ्यांना वाटे. तो पुन्हा परत येई. थोड्याच वेळात माझ्या पोटात त्याच त्या निरोपांची एवढी गर्दी झाली की खऱ्या निरोपाला पाय ठेवायला जागा उरली नाही. माझे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही हो.

कोणी पाहिले? कोणी नाही. मास्तरीणबाई खाली येऊन म्हणाल्या, "तुमचा पुतण्या दिवसभर सिनेमे बघतो, म्हणून माझा वर्ग अडकतो." इंजिनियर म्हणाला, "बाईंच्या मुलांमुळे लोड येतो." त्याने माझे कान पिळावेत तसे माझे अँटेना पिळले. मग पासवर्ड बदलला, नवा पासवर्ड स्वतःच विसरला आणि खटपट करून जुनाच परत लावला. कंपनीत फोन केला तर तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "राउटर बंद करून चालू करा, सर." बंद करून चालू केले की मी क्षणभर ठीक व्हायचो आणि पुन्हा घुसमटायचो. त्या क्षणभराच्या आशेने जो तो येऊन माझे बटण दाबू लागला. एकाने चालू करून मी डोळे उघडतो न उघडतो, तोच दुसरा येऊन बंद करी. झोपू देईनात आणि जागूही देईनात.

अशातच निरोप आला की काकांच्या भावाच्या हृदयाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. त्याआधी संध्याकाळी त्याला बोलायचे होते. आमच्या सगळ्या गल्लीतच मोबाईलची रेंज जेमतेम एक दांडी. त्यात अक्षरे जात, चित्र जात नसे.

"लिहून पाठवा ना, काका," इंजिनियरने खुणेने सुचवले.

काकांनी मान हलवली. काकूच म्हणाल्या, "लिहून काय पाठवायचं, घाबरू नकोस असं? अरे, समोर चेहरा नको का?"

काका मोबाईलसमोर बसले. पडद्यावर गोल फिरत राहिले. इंजिनियरने मला दोनदा थापटले. मास्तरीणबाईंनी त्या दिवशी वर्ग बंद ठेवला होता, तरी काही उपयोग नाही. काकांचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडून होते. त्यांचे हात असे गप्प मी कधी पाहिले नव्हते. मला रडू येत होते, पण माझे दिवे तर आधीच लुकलुकत होते. फरक कुणाला कळणार?

काकूंना काळजी वाटली की त्या पुसापुशी करतात. त्यांनी फडके घेतले, मला उचलले आणि पाठ पुसायला त्या वायरचे टोक उपसले. माझे पोट एकदम मोकळे झाले. दिवे शांत झाले. पडद्यावर दवाखान्याच्या खाटेवर बसलेला भाऊ दिसला. काकांचे हात वर आले.

आणि काकूंनी पुसून झाल्यावर टोक नीट जागच्या जागी बसवले.

चित्र थिजले. मी मनात कपाळावर हात मारून घेतला. पण काकांनी वर पाहिले. जन्मभर ज्यांनी डोळ्यांनीच ऐकले, त्यांनी माझे दिवे पाहिले, काकूंचा हात पाहिला, आणि उठून त्यांचे मनगट धरले. टोक बाहेर काढून ते काकूंच्या मुठीत दिले आणि खुणेने सांगितले, लावू नकोस.

भाऊ परत दिसला. तो घाबरला होता. काकांनी दोन बोटे आपल्याच मनगटावर हलके टेकवली. काकू इंजिनियरला हळूच म्हणाल्या, "लहानपणी अंधारात दोघांना खुणा दिसायच्या नाहीत. मग हे त्याच्या मनगटावर असं टेकवायचे. म्हणजे मी आहे." भावाने पलीकडून आपल्या मनगटावर दोन बोटे टेकवली. मग त्याने विचारले, वहिनी वायर धरून का उभी आहे? काकांनी उत्तर दिले, तिने तुला धरून ठेवलंय. भाऊ हसला.

टोक खाली सोडले असते तरी चालले असते, पण मी सांगणार कसे? बोलणे संपेपर्यंत काकू तशाच उभ्या राहिल्या. हात दुखला तेव्हा त्यांनी फक्त हात बदलला.

भावाचे ऑपरेशन नीट पार पडले. तो पुन्हा दर रविवारी पडद्यावर येतो. इंजिनियर ती वायर काढून टाकायला निघाला होता, पण काकूंनी हात लावू दिला नाही. ते टोक आता लाल दोऱ्याने खिळ्याला बांधले आहे, आणि त्या घरात लोंबायची परवानगी असलेली ती एकटीच वस्तू आहे.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याही घरात असेल. तो अडला तर मारण्याआधी एकदा त्याच्या दिव्यांकडे पाहा. काका रोज दुकान उघडले की आधी माझ्याकडे पाहतात आणि दोन बोटे मनगटावर टेकवतात. मी माझा हिरवा दिवा लावून ठेवतो.