आत्याचं तिकीट

धंतोलीतल्या त्या घरात बोटीचं रंगीत पुस्तक आलं आणि त्या दिवसापासून कुणाला दुसरं काही सुचेनासं झालं. ब्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. श्रीधर विमा कंपनीत बऱ्या हुद्द्यावर होता. त्याच्या कचेरीतलं कुणीतरी मुंबईहून गोव्यापर्यंत चार दिवसांची सफर करून आलं होतं, आणि आता आपण गेलो नाही तर आपलं नाकच कापलं जाईल, अशी त्याने समजूत करून घेतली होती. बोट साधीसुधी नव्हती. चांगल्या घरच्या, लेकुरवाळ्या कुटुंबांसाठीच काढलेली. मुलांना खेळायला वेगळी खोली, जेवायला बुटकी टेबलं, संध्याकाळी बाहुल्यांचे खेळ.

यमुताई श्रीधरची थोरली बहीण. बत्तिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती भावाकडे आली, त्याला एकवीस वर्षं होऊन गेली. श्रीधरचं लग्न व्हायचं होतं तेव्हा त्याचा डबा तिने केला, लग्न झाल्यावर नीलाची दोन बाळंतपणं तिने काढली. आठ वर्षांची उत्तरा आणि सहा वर्षांचा मुकुंद तिच्याच कुशीत वाढलेली.

"ताई, तूही चल," असं श्रीधर एका सकाळी दाढी करता करता म्हणाला, तेव्हा तिच्या हातातलं लाटणं थांबलं. समुद्र तिने पाहिला नव्हता. त्या दुपारी तिने उत्तराकडून शाळेचा नकाशा मागून घेतला, गोवा कुठे ते बोटाने दाखवायला लावलं, आणि ट्रंकेतली शाल काढून उन्हात टाकली.

घरात मग तयारीला ऊत आला. रात्रीच्या जेवणाला काटे-चमचे आले. मुकुंदच्या काट्यावरून वरणभात सांडला की श्रीधर त्याच्या डोक्यात टपली मारायचा आणि लगेच स्वतःच्या बशीत भुरके मारायला लागायचा. उत्तरा "काहून?" म्हणाली की नीला डोळे वटारायची.

"बोटीवर 'काहून' म्हणायचं नाही. 'करून राहिलो' म्हणायचं नाही. मुंबईची माणसं असतात तिथे. 'का' म्हणायचं, 'करतोय' म्हणायचं."

"आणि आत्या म्हणाली तर?" उत्तराने विचारलं.

"आत्या फार बोलणारच नाही," नीला म्हणाली.

यमुताईने ते ऐकलं आणि पोळी तव्यावर उलटली. जरासं कुठेतरी खुपलं, पण तिने मनावर घेतलं नाही. शिकवोत बापडे.

पुढच्या आठवड्यात बोटीच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे सगळ्यांची तपासणी करायची म्हणून श्रीधर त्यांना जवळच्याच एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला, नीलाला, मुलांना छातीला नळी लावून दोन मिनिटांत मोकळं केलं. यमुताई पुढे झाली, तर डॉक्टर म्हणाले, "यांचं ते सिस्टर बघतील." आणि सही ठोकून उठून गेले.

जयवंता नावाची सिस्टर होती, गावाकडची, चाळिशीची. तिने यमुताईला स्टुलावर बसवलं, नखं उलटसुलट करून पाहिली, मग अंबाडा सोडायला सांगितला. यमुताईला वाटलं, समुद्रावर जायचं म्हणजे हेही असेल. तिने केस मोकळे केले. ते पांढरे, विरळ केस दोन बोटांनी बाजूला सारत जयवंता डोकं तपासायला लागली. दाराशी बसलेली दोन माणसं बघत होती. श्रीधर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"काय पाहून राहिली बाई?" यमुताईने हळूच विचारलं.

"उवा, आजी. हातापायाले खरूज बी पाहा लागते. लेकरांपाशी राहणाऱ्या बाईचं पाहाच लागते, असं लिवलं हाय कागदावर."

"आत्या, तुझ्या डोक्यात उवा आहेत?" मुकुंद मोठ्याने म्हणाला.

जयवंताचे हात थांबले. "आत्या? लेकरांची आत्या हाय तुम्ही?" तिने टेबलावरचा कागद उचलला, आणि श्रीधरकडे पाहिलं. "साहेब, इथं त आया लिवलं हाय. घरची नोकर, आया."

मग नीला हसली. "अहो सिस्टर, आत्या काय नि आया काय, एका अक्षराचा तर फरक!"

आणि श्रीधरही हसला. खो खो नव्हे, नाकातल्या नाकात, बायकोचा विनोद साजरा करावा तसा. जयवंता हसली नाही. तिने यमुताईचे केस गोळा केले, स्वतःच्या हाताने अंबाडा घालून दिला आणि म्हणाली, "झालं, माय. काही नाही डोक्यात."

यमुताई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. राग आला असता तर ती भांडली असती, दुःख झालं असतं तर रडली असती. ही शिसारी होती. दुधात पाल पडलेली दिसावी आणि त्याच दुधाचा पेला आपण आत्ताच संपवला आहे हे कळावं, तशी.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. "श्रीधर, हे काय केलं तू?"

"अगं, नुसतं कागदोपत्री आहे," तो सोफ्यावर पाय ताणत म्हणाला. "आया असली की तिला अर्ध्या भाड्यात नेतात. तुला समुद्र बघायला मिळण्याशी मतलब ना?"

"आणि झोपायचं कुठे?"

"खालच्या मजल्यावर बायकांची सोय असते. दिवसभर वर आमच्याचजवळ राहायचं, मुलांच्या खोलीत. जेवण तेवढं खाली."

"म्हणजे तुम्ही बुटक्या टेबलाशी लेकरांना पोचवणार, भरवणार मी, आणि मी जेवणार खाली."

"ताई, वरच्या मजल्यावर जागाच नाही शिल्लक. मी रामदासपेठेतल्या एजंटाला दहादा विचारलं."

त्याच्या कपाळाला घाम नव्हता, डोळे खाली नव्हते. हेच तिला सगळ्यात किळसवाणं वाटलं. चोरी करताना पकडलेला माणूस निदान बावरतो.

"मी येत नाही," ती म्हणाली.

आठ दिवस घरात धुसफूस चालली. नीलाने भांडी आपटली, मुलांना आत्याकडे पाठवून रडायला लावलं. श्रीधर गोड बोलला, मग चिडला, मग म्हणाला, "इतकी वर्षं सांभाळली, त्याचं हे फळ." नवव्या दिवशी अमरावतीहून नीलाच्या आईचं पत्र आलं: सांधे दुखतात, पण मुलांसाठी येईन. आणि वरच्या मजल्यावरची जागा निघाली. खिडकीजवळची. दोन दिवसांत.

श्रीधरने ते जेवताना सांगितलं, आमटी ओरपत, मिशीला लागलेली जिभेने टिपत. यमुताई त्या तोंडाकडे बघत राहिली. या तोंडात आपण घास घातले, तापात याच्या उशाशी बसलो. तिला त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. अर्धं आयुष्य ती याच ताटावर पोसली होती आणि त्यालाच माहेर म्हणत आली होती.

ती पानावरून उठली. तिच्या शाळेतली मैत्रीण गोपिका हुडकेश्वरला बालवाडी चालवत होती. शेताच्या कडेला दोन खोल्या, पुढे पत्र्याचा मांडव. "कुणी हाताशी असतं तर," असं ती दर संक्रांतीला म्हणायची. यमुताई दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेली, आणि आठवड्याच्या आत ट्रंक घेऊन कायमची गेली. निघताना मुकुंद पदराला लोंबकळला. त्याची बोटं सोडवताना मात्र तिचं काळीज फाटलं. या सगळ्यात तेवढंच एक दुःख होतं, बाकी नुसता वीट.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी श्रीधर हुडकेश्वरला आला. उन्हाने नाक सोललेलं, अंगात नवीन रंगीत बुशशर्ट. मांडवात चिमुकल्या बाकावर गुडघे दुमडून बसला. यमुताईने चहा ठेवला.

"मुलं कशी आहेत?"

"हिरमुसली आहेत. मुकुंद रोज विचारतो." त्याने मोठा घोट घेतला. "ताई, झालं गेलं विसर. तू तिथे हवी होतीस गं, खरंच सांगतो."

तिला वाटलं, आता तो म्हणेल. तिने पदर सावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"पहिल्याच रात्री बोट हलायला लागली," तो सांगू लागला, "आणि दोन्ही पोरांना उलट्यांवर उलट्या. नीलाला तर वासही सहन होत नाही, ती बाहेर जाऊन उभी राहिली. सासूबाई आडव्याच. मी घंटी वाजवतो तर कुणी येईना. सगळ्या गाद्या, चादरी... काय सांगू तुला! नीला म्हणालीसुद्धा, यमुताई असत्या तर सगळं कसं मिनिटात स्वच्छ झालं असतं."

तो हे प्रेमाने सांगत होता. त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं.

यमुताईला पुन्हा शिसारी आली, आणि या वेळी आपोआप ओसरलीही. हा असाच आहे. तिला त्याला समजावण्याचाही कंटाळा आला.

"मुकुंदला नि उत्तराला रविवारी पाठवत जा इकडे," ती उठत म्हणाली. "बस येते इथपर्यंत. मी फाट्यावर उभी राहीन."

"आणि तू? घरी कधी येतेस?"

"चहा झाला का तुझा?"

"झाला."

"मग कप विसळून ठेव. मोरी तिकडं आहे, मागं."

तो एकदा कपाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. ती मांडवातले बाक ओळीने लावायला गेली होती. थोड्या वेळाने मागून नळाचा आवाज आला.